मे महिन्यात गावी गेलं की मुलांच्या अंगावर खाजरे फोड येतात. नेमकं काय चावतं, कसं टाळायचं आणि काय लावायचं?

तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या तीन गोष्टी फार कामाच्या आहेत. धाकट्याला फोड येतात ते फक्त घोट्यापासून पोटरीपर्यंत, मोठीला हातावर आणि मानेवर, आणि तुमच्या यजमानांना काहीच होत नाही. वर सासूबाईंचं म्हणणं, "पाणी बदललं, त्यात आंबे बाधले."

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. एप्रिल संपत आला आणि चाकरमानी यायला लागले की काउंटरवर हातपाय पुढे करून "ह्याच्यावर कायतरी द्या" म्हणणारे सुरू होतात. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे. पण इतके पाय बघून झाल्यावर एवढं ठामपणे सांगते की फोड दिसतो कसा हे बघत बसू नका. तो अंगावर कुठे आलाय आणि कधी उठला, हे बघा.

डास, पिसू, ढेकूण हे सगळे रक्त पिताना लाळ सोडतात. त्या लाळेतली प्रथिनं शरीराला परकी वाटतात, शरीर हिस्टामिन सोडतं आणि गांध उठते. म्हणजे खाज आपलंच शरीर तयार करतं, त्यामुळे चावणारा कुणीही असला तरी फोड साधारण एकाच जातीचा दिसतो. इंटरनेटवरचे फोटो बघून तर काहीच कळत नाही. ते बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात, आपल्या रंगावर लाली नीट दिसतच नाही. बोट फिरवून उंचवटा लागतो का आणि मध्ये बारीक टोचल्याची खूण आहे का, एवढं बघा.

यजमानांना काही होत नाही ह्याचं कारणही इथेच आहे. त्यांनाही चावतंच. पण लहानपणापासून तीच लाळ अंगात जात राहिली की पुष्कळांचं शरीर तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतं. साधारण दोन ते दहा वर्षांच्या मुलांचं उलट असतं. एक नवीन डंख झाला की गेल्या आठवड्यातले जुने फोडही पुन्हा फुगून खाजायला लागतात. सकाळी पंधरा फोड मोजून "रात्रभर पोराला फोडून काढलं" म्हणणाऱ्या आया येतात, त्यातले नवे दोनच असू शकतात. वय वाढतं तसं हे बहुतेकांचं कमी होतं. आंब्याचा ह्यात काही दोष नाही, आंबे खाऊ द्या.

आता धाकटा. फक्त घोटे आणि पोटऱ्या, दोन-तीन फोड जवळजवळ, आणि घर वर्षभर बंद. मला पहिला संशय पिसवांचा येतो. पिसू उडत नाही, जमिनीवरून उडी मारते, म्हणून ती पायावरच सापडते. बंद घराची एक गंमत आहे, म्हणजे आपल्या दृष्टीने गंमत नाहीच. माळ्यावर किंवा पडवीत एखादं मांजर व्यायलेलं असतं. ते निघून जातं, पण जमिनीच्या भेगांत, पायपुसण्यात पिसवांचे कोष राहतात. हे कोष कित्येक महिने तसेच पडून राहू शकतात. माणसांच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळाला की आतली पिसू बाहेर येते. म्हणून कुलूप काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त चावतं आणि लोक म्हणतात पाणी बदललं!

खात्री करायची सोपी रीत आहे. गुडघ्यापर्यंतचे पांढरे पायमोजे घालून माजघरात, पडवीत, माळ्याच्या जिन्याखाली दहा मिनिटं सावकाश फिरा. पिसवा असतील तर पांढऱ्यावर तपकिरी ठिपके चढलेले दिसतात, आणि चिमटीत धरायला गेलात तर ठिपका उडी मारतो. रात्री जमिनीवर पसरट ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर छोटा दिवा लावून ठेवला तरी सकाळी पाण्यात मेलेल्या सापडतात. सापडल्या तर जुनी गोणपाटं, पायपुसणी बाहेर काढा, कानाकोपरे आणि भेगा रोज झाडा, केर लगेच घराबाहेर टाका, चादरी गरम पाण्यात धुवा. घरात राखणीला कुत्रा-मांजर असेल तर त्याला गुरांच्या डॉक्टरांकडून औषध आणा. कुत्र्याचं औषध मांजराला मात्र लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर दगावू शकतं. जमलं तर तुम्ही पोचायच्या तीन-चार दिवस आधी शेजाऱ्यांकडून घर उघडून झाडून घ्या.

मोठीचं प्रकरण वेगळं वाटतं. झोपल्यावर उघडे राहिलेले हात आणि मान, त्यातही फोड एका ओळीत किंवा पुंजक्याने असतील तर ढेकूण. आणि इथे गावाला उगाच नावं ठेवू नका, तुम्ही आलात कशाने ते आठवा. रात्रीच्या स्लीपर बसच्या गाद्यांत ढेकूण असतात हे नेहमीच्या प्रवाशांना सांगायला नको. ढेकणाच्या डंखाची खाज काहींना दुसऱ्या दिवशी उठते, काहींना चक्क आठवड्यानंतर, म्हणून मधल्या दिवसांत कुणावर आळ घ्यायचा तेच कळत नाही. गावच्या घरातल्या गाद्या मात्र एकदा तपासा. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यात टॉर्च मारला की काळे बारीक ठिपके, सुकलेली फिकट सालं किंवा मसुराएवढा चपटा तपकिरी किडा दिसतो. काहीच दिसलं नाही आणि दोन-तीन रात्रींत नवे फोड आले नाहीत, तर ते बसमध्येच मिळाले होते असं समजा. परतल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका, कपडे थेट गरम पाण्यात टाका. समाधान एवढंच की ढेकणांमुळे माणसांत रोग पसरल्याचं दिसत नाही.

डासांचे फोड विखुरलेले असतात आणि चावल्यावर काही मिनिटांत उठतात. मे महिन्यात आमच्याकडे विहिरी तळाला जातात, मग घरोघरी पिंपं भरून ठेवतात, आणि डेंग्यूच्या डासाला हेच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. तो दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या सुमाराला जास्त. त्यामुळे रात्री मच्छरदाणी आणि दुपारी पडवीत पोरं उघडी झोपलेली, ह्याला काही अर्थ नाही. दुपारीही मच्छरदाणी लावा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करायचं आणि आतून घासायचं. नुसतं पाणी ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. पंखा मोठा ठेवा, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. दारंखिडक्या लावून कॉइल पेटवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, तो धूर शेवटी पोरांच्याच छातीत जातो.

अंगाला लावायच्या क्रीममध्ये डीट, पिकारिडिन किंवा डायइथाइल बेंझामाइड ह्यांपैकी काही आहे का ते ट्यूबवर वाचा. मुलांच्या तळहाताला, डोळ्यांजवळ आणि खरचटलेल्या जागी लावू नका. सनस्क्रीन लावत असाल तर आधी ते, मग हे. दोन महिन्यांखालच्या बाळाला काही न लावता नुसती मच्छरदाणी. सिट्रोनेलाच्या मनगटपट्ट्या मीही ठेवते, लोक मागतात म्हणून. डासांचं त्याने काही बिघडत नाही.

चावण्याशी संबंधच नाही अशा खाजाही खूप येतात. कपडा चिकटतो तिथे बारीक पुरळ म्हणजे घामोळ्या. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर, रात्री वाढणारी आणि घरात दोघा-तिघांना असलेली खाज म्हणजे खरूज, तिला डॉक्टरांचं औषध सगळ्या घराने एकदमच लावायचं असतं. रानातून आल्याआल्या अंगाची आग झाली तर खाजकुइली किंवा सुरवंटाची लव असते. ती हाताने चोळू नका, चिकटपट्टी लावून उचला आणि मग पाणी घाला. आंब्यावर चढलेल्या पोरांना ओंबील, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, चावतात तेव्हा काय चावलं हे विचारावं लागत नाही, बोंब आधी ऐकू येते.

आता खाज. साबणाने जागा धुवा, मग फडक्यात बर्फ गुंडाळून पाच-दहा मिनिटं धरा. निम्म्या पोरांना एवढ्यावर झोप लागते. त्यावर कॅलामाइन लोशन, दिवसातून तीन-चार वेळा लावलं तरी चालतं. कोरफडीचा गर थंड वाटतो, हरकत नाही. खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप लावणारे आहेत, तोही चालतो. झोपमोड होत असेल तर मोठ्यांना रात्री सेटिरिझिनची 10 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. मुलांसाठी सिरप मिळतं, पण डोस वय आणि वजन बघून डॉक्टरांना विचारूनच द्या. मुलांची नखं कापा. ह्या सल्ल्याला कुणी किंमत देत नाही, कारण त्याला पैसे पडत नाहीत. पण खाजवून पिकलेल्या फोडांमुळेच पुढे अँटिबायोटिक लागतं.

चुना लावू नका, त्याने कातडी भाजते. टूथपेस्ट घटकाभर गार लागते आणि नंतर चुरचुरते. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस अंगावर असताना मेच्या उन्हात गेलात तर तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग पडतात. ते डाग महिनोन्‌महिने राहतात, आणि लोक ते किड्याच्या नावावर घालतात.

सगळ्यात जास्त भांडण मी एका बाबतीत करते. "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणून लोक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम मागतात. एका दिवसात खाज थांबते, म्हणून तिची ख्याती. त्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं फार तेज स्टेरॉइड असतं. पोरांच्या कातडीवर ते आठवडे-दोन आठवडे लावत राहिलं तर कातडी पातळ पडते, आणि मुळात गजकर्ण असेल तर ते दबून आत पसरतं. 2018 पासून अशा बऱ्याच स्टेरॉइडना डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तरी कुठल्याही दुकानात मागितली की मिळते. फोड फारच खाजत असेल तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, चेहरा सोडून, तेही मुलांसाठी डॉक्टरांना एकदा विचारून.

डोळ्याच्या पापणीला डास चावला की सकाळी पोराचा डोळा बंद होतो. पहिल्या दिवशीची ती सूज बहुतेकदा नुसती ॲलर्जीची असते, दुखण्यापेक्षा खाजते जास्त. दोन-तीन दिवसांनी जागा गरम लागली, दुखायला लागली, पू आला किंवा लाली पसरत गेली तर मात्र फोड पिकलाय, डॉक्टरांना दाखवा. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ओठ-जीभ सुजली, धाप लागली, उलटी झाली, चक्कर आली तर गोळ्या-मलमात वेळ न घालवता 108 ला फोन करा.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. मुलं काजूच्या बागेत बिया गोळा करायला जातात, तिथे गोचीड असतात. गोचीड दुखत नाही, खाजतही नाही, चिकटून बसते. म्हणून घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे आणि केसांत बघा, आणि कपडे तिथेच काढून धुवायला टाका. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल ओतू नका, काडी पेटवून लावू नका. आमच्या भागात हे जास्त सांभाळायचं कारण माकडताप. 1957 मध्ये तो पहिल्यांदा कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत होता आणि 2016 मध्ये आमच्या दोडामार्गात आला. माणसं दगावली. तो मुख्यतः गोचिडीमुळे होतो आणि त्याचा हंगाम साधारण जानेवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत, म्हणजे नेमका काजूचा. बागेत माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्रात कळवा. आणि मुंबईला परतल्यावर आठवडाभरात कुणाला जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर तिथल्या डॉक्टरांना आपण होऊन सांगा की आम्ही सिंधुदुर्गात काजूच्या बागेत फिरलो होतो. त्यांच्या डोक्यात ते आपोआप येणार नाही.