ट्रेकला बोकड सोबत न्यायचाय? पिल्लापासून सुरुवात करा

या आठवड्यात दोन प्रश्न आले, दोन्ही एकाच टाइपचे. काटोलकडच्या एका संत्रावाल्या भाऊंकडे बेरारी बकरीची महिनाभराची दोन नर पिल्लं आहेत, पोराला ट्रेकिंगचा नाद, तर पिल्लं सोबत चालायला कशी शिकवायची आणि पाठीवर बॅग कधी द्यायची. दुसरे रामटेककडचे, त्यांनी बोकड बाटलीवर वाढवला, आता सहा महिन्यांचा झाला तर घरच्यांनाच ढुशा मारतो.

हसण्यासारखं काही नाही बरं का यात. हिमालयात व्यापारी लोक शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवर छोट्या थैल्या बांधून मीठ-धान्य नेत होते, आपल्याकडे बैल होता म्हणून बकरीवर ही वेळ आली नाही एवढंच.

काटोलवाले भाऊ, ओझ्याचा विषय आत्ता डोक्यातून काढून टाका. पहिलं वर्ष नुसतं फिरायचं, वर्षाचा झाला की रिकामी थैली बांधून सवय करायची, दोन वर्षांनंतर एखादी पाण्याची बाटली, आणि पूर्ण ओझं तीन-साडेतीन वर्षांनी, कारण तोवर हाडं-सांधे पक्के झालेले नसतात. पूर्ण म्हणजे तरी किती, तर वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत. आपला बेरारी बोकड ३०-३५ किलोचा धरा, म्हणजे ६-७ किलो, तेही दोन्ही बाजूला सारखं. व्हिडिओत दिसतात ते अमेरिकेतले सानेन, आल्पाइन जातीचे खच्ची बोकड, ते ८०-९० किलोचे असतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका.

मग आत्ता काय करायचं? दोस्ती. रोज एकाच माणसाने एकाच वेळेला हाक मारून मूठभर तुरीचा पाला नाहीतर चार-दोन हरभऱ्याचे दाणे हातातून चारायचे, मग शेताला एक चक्कर. दोरी ओढायची नाही. बकरी कळपाच्या म्होरक्यामागे आपोआप चालते, तो म्होरक्या तुम्ही व्हायचं. मोरखी (तोंडा-डोक्यावरून बसणारी दोरी) घालून बांधून उभं राहायची सवय लावा, पण गळ्यात फास नको. ओढ्याच्या पाण्याला बहुतेक बकऱ्या भितात, तर घोट्याएवढ्या पाण्यातून आधी तुम्ही जा आणि थांबा, ओरडू नका. आणि दोन्ही पिल्लं सोबतच ठेवा, एकटं पिल्लू दिवसभर ओरडून जीव खातं.

आता रामटेकवाल्यांचा बोकड. बाटलीवर वाढलेला अंडील (खच्ची न केलेला) नर माणसालाच कळपातला दुसरा बोकड समजतो. लहानपणी कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळलात ना, तिथेच बिघडलं. तो खेळ आजपासून बंद, आणि डॉक्टरकडून खच्ची करून घ्या. काटोलवाल्यांनी पण पिल्लं साधारण पाच महिन्यांची झाली की करायचं, फार लवकर केलं तर मूत्रनळी बारीक राहते आणि पुढे मूतखडा अडकतो. तोवर पाठींपासून (मादी पिल्लांपासून) वेगळी बांधा, नाहीतर नको तेव्हा गाभण राहतील. खच्ची बोकडाला मका, ज्वारी, ढेप लाडाने चारू नका, मूतखड्याचं मोठं कारण तेच आहे. चारा, स्वच्छ पाणी आणि चाटायला मीठ. लघवीला कुंथतोय, थेंब थेंब येतंय असं दिसलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर बोलवा.

पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस तीन महिन्यांनंतर, आंत्रविषार या आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची पावसाळ्याआधी. वाटेत बेशरम, घाणेरी, कण्हेर, कोवळी ज्वारी आणि फवारलेली पऱ्हाटी (कपाशी) यांना तोंड लावू देऊ नका, पोटभर चारून निघालात तर अर्धी कटकट तिथेच मिटते.

कुठे न्यायचं, तर गावची टेकडी, पांदण, स्वतःची पडीक जमीन. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला इथे बकरी घेऊन घुसायचंच नाही, रोग जंगली जनावरांना लागतो आणि वाघ-बिबट्याला तर तुम्ही डबाच घेऊन गेल्यासारखं. रात्रीचा मुक्कामही नको. आपल्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत तर तुम्हीच जाऊ नका, बोकड तर लांबच राहिला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी निघून ऊन चढायच्या आत परत. तोंड उघडून धापा टाकायला लागला की सावलीत बसवा, थैली उतरवा, पाणी पाजा, आणि परतीला ती थैली पोराच्या पाठीवर.