सुरू होतानाच पुन्हा पुन्हा बंद पडणारा संगणक

प्रश्न : माझ्या डेस्कटॉप संगणकाचे बटण दाबताच पंखे फिरू लागतात, तीन-चार सेकंदांत सारे थांबते आणि तो आपोआप पुन्हा सुरू होतो. हे चक्र चालूच राहते. पडद्यावर काहीच येत नाही. अलीकडेच मी रॅमची दुसरी पट्टी बसवली आहे. मदरबोर्ड गेला आहे, असे मला सांगण्यात आले. तो बदलावा का?

उत्तर : एवढ्यावरून मुळीच बदलू नये. रॅम, वीजपुरवठा किंवा प्रोसेसर यांपैकी काहीही बिघडले तरी हेच लक्षण दिसते, त्यामुळे मदरबोर्डला दोष देण्याची वेळ सर्वांत शेवटी यायला हवी. विंडोज उघडताना संगणक बंद पडत असता, तर ड्रायव्हर किंवा डिस्क तपासावी लागली असती. आपल्याकडे मात्र बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डवर चालणाऱ्या प्रणालीची, प्राथमिक तपासणीच पूर्ण होत नसावी, आणि नवी पट्टी नुकतीच बसवली असल्याने सुरुवात तिथूनच करावी.

प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. मग दोन्ही पट्ट्या काढून जुनी एकटीच बसवावी. चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर एकट्या पट्टीसाठी प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट सांगितलेला असतो. टोकाची खिट्टी खट् असा आवाज करून बसली पाहिजे, कारण एका बाजूने किंचित वर राहिलेली पट्टी नीट बसल्यासारखीच दिसते. यानंतर नवी पट्टीही त्याच स्लॉटमध्ये एकटी तपासावी. रॅम डीडीआर5 प्रकारची असेल, तर बदलानंतर तिची जुळणी होईपर्यंत पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो आणि काही बोर्ड मध्येच पुन्हा सुरूही होतात. तेवढा वेळ धीर धरावा.

फरक पडला नाही, तर प्लग काढलेला असताना सीआर2032 हा गोल सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवून बायोस मूळ स्थितीत आणावा. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) लावले असेल, तर ते उघडणारी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी.

आपण लिहिलेल्या तीन-चार सेकंदांमुळे मला आणखी एक शंका येते. पॉवरचे बटण साधारण चार सेकंद दाबलेले राहिले, की संगणक सक्तीने बंद होतो. तेव्हा कॅबिनेटचे बटण आत अडकत तर नाही ना, हे त्याची वायर बोर्डवरून काढून आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून पाहावे. प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची 12 व्होल्टची जोडणीही घट्ट दाबावी, कारण रॅम बसवताना हात लागून ती सैल होऊ शकते.

वीजपुरवठ्याचा संशय उरला, तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस (कॅबिनेटमधील वीजपुरवठ्याचा डबा) लावून पाहणेच उत्तम. मल्टिमीटरवर 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 यांमध्ये दिसली तरी क्षणभराची घसरण त्यात सापडत नाही. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये; त्यातील कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही धोकादायक असतात.

बोर्ड कॅबिनेटबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून, फक्त प्रोसेसर, कूलर, एक चांगली पट्टी आणि तो दुसरा एसएमपीएस जोडूनही चक्र चालू राहिले, तर दोष बोर्ड किंवा प्रोसेसर यांपैकी एकात आहे. तरीही प्रोसेसर दुसऱ्या जुळणाऱ्या बोर्डवर तपासल्याशिवाय खरेदी करू नये.