सचोटीची जबाबदारी : सामूहिक, संयुक्त की सामायिक?

प्रश्न असा आला आहे : विद्यापीठाच्या नियमावलीत ‘शैक्षणिक प्रामाणिकपणा ही विद्यार्थी, शिक्षक व प्रशासन यांची सामूहिक जबाबदारी आहे’ असं वाक्य आहे. इथे ‘सामूहिक’ योग्य की ‘संयुक्त’ किंवा ‘सामायिक’ हवं?

माझं मत ‘सामायिक’ला.

‘सामूहिक’ म्हटलं की सगळा समूह एक धरला जातो. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते, म्हणून एखादा निर्णय मनातून न पटलेल्या मंत्र्यालाही बाहेर त्याची पाठराखण करावी लागते, आणि अविश्वास ठराव मंजूर झाला की सगळेच पायउतार होतात. हा अर्थ विद्यापीठाला लावला तर एकाने प्रबंधात उतारेच्या उतारे ढापले म्हणून अख्ख्या वर्गाला जाब द्यावा लागेल. ते कुणालाच अभिप्रेत नाही.

‘संयुक्त’ हा कायद्याच्या वळणाचा शब्द. कर्जाच्या करारात ‘संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार’ असं असेल तर सगळी रक्कम एकट्याकडूनही वसूल करता येते. सचोटीत मात्र एकाचा वाटा दुसऱ्याला उचलताच येत नाही. शिक्षक कितीही दक्ष असले तरी संदर्भ द्यायचा तो लिहिणाऱ्यानेच; आणि विद्यार्थी कितीही सरळ असला तरी दरवर्षी तीच ती प्रश्नपत्रिका निघत असेल तर ती बदलणं त्याच्या हातात नाही.

‘सामायिक’मध्ये वस्तू सगळ्यांची आणि हिस्सा ज्याचा त्याचा. सामायिक विहिरीचं पाणी सगळे घेतात, गाळ काढायचा खर्चही आपापल्या हिश्शाप्रमाणे देतात. इथे नेमकं हेच म्हणायचं आहे. अर्थात ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ हेही आपल्याच भाषेत म्हटलेलं आहे. त्यामुळे नुसता विशेषणाचा बदल पुरणार नाही.

खरी अडचण मला पुढच्या क्रियापदात दिसते. अशा नियमावल्यांत हमखास ‘सचोटी राखली जाईल याची दक्षता घेण्यात यावी’ असं असतं. कोणी घ्यावी? वाक्यात कर्ताच नाही! ‘घेण्यात यावी’, ‘करण्यात यावे’ या रचना जबाबदारी अक्षरशः गिळून टाकतात. त्याऐवजी असं लिहा : ‘दुसऱ्याचा मजकूर घेतल्यास विद्यार्थ्याने तिथेच त्याचा उल्लेख करावा. मित्रांशी चर्चा, एआयची मदत यांतलं काय चालेल ते शिक्षकाने काम देतानाच लेखी सांगावे. तक्रार आल्यास चौकशी समितीने विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून मगच निर्णय द्यावा.’ ज्याचं त्याला कळतं.

आता ‘प्रामाणिकपणा’. इंटरनॅशनल सेंटर फॉर अकॅडमिक इंटेग्रिटी या संस्थेने १९९९ साली ‘अकॅडमिक इंटेग्रिटी’ या संकल्पनेची पाच मूल्यं सांगितली : प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय्यता, आदर आणि जबाबदारी. २०१४ मध्ये धैर्याची भर पडली. धैर्य आलं ते मला फार मोलाचं वाटतं, कारण जवळच्या मित्राला ‘माझी असाइनमेंट देणार नाही’ म्हणायला नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही. म्हणजे प्रामाणिकपणा हा सहांपैकी एक. सगळ्यांना मिळून नाव हवं असेल तर ‘सचोटी’ घ्यावा. ‘सचोटीचा व्यवहार’ म्हणतो तेव्हा खरं बोलण्याबरोबर शब्द पाळणं, चोख वागणं हेही त्यात येतं.

तेव्हा वाक्य ‘शैक्षणिक सचोटी ही विद्यार्थी, शिक्षक व प्रशासन यांची सामायिक जबाबदारी आहे’ असं करावं. ‘सामाईक’ असंही लिहितात. जे घ्याल ते नियमावलीभर एकच ठेवा.