कोलुक्कुमलैला जाताय? मग हे वाचा

मुन्नारहून एकच दिवस हाताशी असेल तर कोलुक्कुमलै हा डोंगरमाथ्यावरचा चहाचा मळाच गाठा. पहाटे चारच्या सुमारास सूर्यनेल्ली गावातून जीप घ्या, स्वतःची गाडी अजिबात नेऊ नका. रस्ता नुसता दगडधोंड्यांचा आहे, कंबरेचा त्रास असलेल्यांनी तर विचार करूनच निघावं. मार्चमध्येही वर कडाक्याची थंडी असते, तेव्हा स्वेटर हवाच.

सूर्योदय पाहून बहुतेक जण लगेच उतरतात. तुम्ही मात्र थांबा! तिथला जुना चहाचा कारखाना जरूर पाहा. पानं सुकवणं, वळणं, आंबवणं, भाजणं, सगळं जुन्या पद्धतीनं चालतं. तिथला चहा आधी बिनदुधाचा प्या. आणि फोटोसाठी मळ्यात घुसू नका, कोवळे शेंडे तुटतात; खुडणाऱ्या बायकांचेही फोटो विचारूनच काढा.