प्रदर्शनाला जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

आराखड्याबाहेर वाढलेल्या वस्त्यांवरचं ते हात लावून बघायचं प्रदर्शन तू बघणार आहेस, हे छान. ‘ठोकळे हलवा, आपली गल्ली रचा’ असं एखादं टेबल तिथे असेलच. मनसोक्त खेळ. फक्त तुझा हात आधी काय उचलतो, त्यावर लक्ष ठेव. बहुतेकांचा ओटा पहिला जातो, मग दारातलं पिंप, मग गल्लीचं वळण. रस्ता सरळ झाला की सगळे खूश! आपल्या आर्किटेक्चर कॉलेजांनी लावलेली खोड आहे ती.

प्रदर्शनाआधी धारावीचा कुंभारवाडा बघून घे. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची ही वस्ती. घरं लांबट, रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे माती आणि चाक, त्यापलीकडे सामाईक भट्टीचं अंगण. मडकी वाळतात ती जागा नकाशावर ‘मोकळी’ दिसते. भट्टीत कापसाच्या चिंध्या जळतात, धूर घराघरांत शिरतो. तोही वहीत लिही, वस्तीचं नुसतं कौतुक नको. पण हीच माणसं टॉवरमध्ये गेली तर भट्टी कोणत्या मजल्यावर लावायची, हे कुणाला तरी विचारून बघ.

याच धारावीत २०१६ साली कलावंत होर्हे मान्येस रुबियो आणि क्युरेटर अमांडा पिनाती यांनी ‘डिझाइन म्युझियम धारावी’ उभं केलं होतं. चाकांवरचं, गल्लीगल्लीत ढकलत नेता येणारं. आत तिथल्याच कारागिरांच्या वस्तू. कल्पना बाहेरच्यांची, तरी मला ती पटली, कारण बघायला येणारे शेजारीच होते. तुझ्या प्रदर्शनात वस्तूखालची पाटी वाच. करणाऱ्याचं नाव आहे, की नुसतं कलावंताचं? आणि ज्यांच्या घरांवर हे सगळं बेतलंय, त्यातलं कुणी तिथे ठोकळे हलवताना दिसतं का?

फोटो मला नकोत. कुंभारवाड्यातल्या एका घराचा छेद, म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल ते चित्र, काढून आण. मापं पावलांनी घे, टेप काढू नकोस. धारावीच्या पुनर्विकासात मोफत घर मिळायला १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा लागतो, तोही तळमजल्याचा. माळ्यावर राहणाऱ्यांचे नियम वेगळे. अशा ठिकाणी टेप दिसली की लोकांना सर्व्हेवाले आले असंच वाटतं. आधी चहा घे, ओळख सांग, मग विचार. नाही म्हणाले तर पुढच्या घरी जा.

तुझी,
बाई