‘नाव आरव ठेवलं, म्हणून रडतो का?’

बाळ सात आठवड्यांचं होतं. त्याला आजीजवळ ठेवून आईबाबा दोघं माझ्याकडे समुपदेशनाला आले होते. खुर्चीत नीट बसायच्या आधीच ती म्हणाली, “मॅडम, नाव बदललं तर तो रडायचा थांबेल का?”

(कुटुंबाच्या खुणा बदलल्या आहेत. नाव मात्र तेच ठेवलं, कारण प्रश्नच नावाचा आहे.)

बारशाला आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून ‘आरव’ म्हटलं तेव्हा सगळं घर खूश होतं. हे नाव बाळाच्या आईनं मोबाइलवर शोधलं होतं आणि तिथे अर्थ दिला होता ‘शांत’. पण पुढे रोज संध्याकाळी सहा वाजले की बाळ रडायला लागायचं, ते नऊ-साडेनऊपर्यंत. एकदा चुलत सासरे घरी आले होते. ते जुने शिक्षक. म्हणाले, “अगं, आरव म्हणजे आवाज. कोंबडा आरवतो म्हणतो ना आपण? नावच असं ठेवलंत, पोर रडणारच!” ते सहज बोलून गेले. हिच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

नवरा माझ्याकडे आशेनं बघत होता. अर्थ ‘शांत’च आहे असं मी म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मी तसं म्हटलं नाही. धीर देण्यासाठी खोटं सांगितलं, तर ते उघडं पडेल त्या दिवशी धीरही जातो आणि माझ्यावरचा विश्वासही.

काका शब्दाच्या बाबतीत बरोबर होते. संस्कृतात ‘रु’ म्हणजे आवाज करणं. त्यातून रव, त्यातून आरव. पाखरांचा कलरवही त्यातलाच. जिथे आवाजच नाही ते नीरव, म्हणजे शांततेचा अर्थ हवा असेल तर तो त्या नावात आहे. मी तिला विचारलं, “कोंबडा आरवला की घरात काय होतं?” ती जरा थांबून म्हणाली, “उजाडतं. आजी उठून चूल पेटवायची.” त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

पण काकांचं दुसरं वाक्य चूक होतं. तान्ह्या बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं ओसरतं. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीनहून जास्त दिवस, ही पोटशूळाची, म्हणजे निरोगी बाळाच्या अशा रडण्याची (कोलिक), खूणगाठ डॉक्टर 1954 पासून सांगत आले आहेत. बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासलं होतं. वजन वाढत होतं, ताप नव्हता, दूध नीट पीत होतं. शांताराम नावाचं बाळही याच वयात असंच रडलं असतं.

आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू ठेवत. अर्थ बघायला गेलं तर दगड आणि भीक, पण त्यामागे जीव केवढा लावलेला असे! उलट साताऱ्यात 2011 साली 285 मुलींची ‘नकुशी’ ही नावं समारंभानं बदलली गेली, ते योग्यच झालं. ‘तू आम्हाला नको होतीस’ हे त्या पोरींना दर हाकेत ऐकावं लागत होतं. आरव या हाकेत असं काही आहे का, हे मी दोघांना विचारलं. नवऱ्यानं नुसती मान हलवली. ती रडायला लागली.

“नाव मी निवडलं होतं,” ती म्हणाली. “दूधही मीच पाजते. तो रडला की सगळे माझ्याकडे बघतात.”

खरा प्रश्न इथे होता. पाच आठवडे ती सलग दोन तासही झोपली नव्हती. बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी दहा प्रश्नांची एक चाचणी असते, ती आम्ही तिथेच भरली. गुण काळजी करण्याइतके होते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मन दोन आठवड्यांहून जास्त काळ खिन्न राहिलं तर ‘बाळंतिणीचं असंच असतं’ म्हणून अंगावर काढू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो. घरासाठी एकच नियम ठरला. संध्याकाळी सहा ते आठ बाळ बाबाच्या खांद्यावर, आणि आई दार लावून झोपेल.

नावाचं काय करायचं, हे मी त्यांच्यावर सोडलं. जन्माची नोंद झाली होती, पण दाखल्यावरचा नावाचा रकाना रिकामा होता. तो वर्षभरात शुल्काशिवाय भरता येतो, त्यामुळे घाई नव्हती.

साडेतीन महिन्यांनंतर ती बाळाला घेऊन आली. तो छताच्या पंख्याकडे बघून ‘आऽ, आऽ’ करत होता. तीही त्याला तसाच सूर लावून उत्तर देत होती. पर्समधून तिनं दाखला काढून दाखवला. रकान्यात ‘आरव’ लिहिलं होतं.