रात्री ताप होता, सकाळी उतरला. दोन वर्षांच्या मुलीला आज पाळणाघरात पाठवू का? नाक हिरवं वाहतंय.

आज नको. नाकामुळे नाही, तापामुळे.

औषध न देता २४ तास ताप १००.४ फॅरनहाइटच्या खाली राहिला, की पाठवा. २४ तासच का, तर शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपार कलल्यापासून संध्याकाळपर्यंत चढतं. सकाळी सातला ९९ दाखवणारं मूल संध्याकाळी पाचला १०२ वर जाऊ शकतं. मधली एक संध्याकाळ बिनऔषधाची कोरडी गेल्याशिवाय ताप गेला असं म्हणताच येत नाही. हात लावून ठरवू नका. काख पुसून कोरडी करा, थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, दंड अंगाशी दाबून धरा आणि बीप होईपर्यंत सोडू नका. काखेतलं माप आतल्या तापापेक्षा थोडं कमीच येतं, त्यामुळे ९९.८ दिसलं म्हणून खूश होऊ नका, तासाभराने पुन्हा बघा.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल पाळणाघरात सोडणं आणि ताईंना न सांगणं. हे सर्रास होतं आणि पुढे काय घडतं ते दारातून परत फिरलेल्या आईबाबांना दिसत नाही. साडेसातला डोस दिला तर साडेआठला मूल टवटवीत दिसतं. ताई हसून आत घेतात. डोसचा असर चार ते सहा तास, म्हणजे तो उतरतो साडेअकरा ते दीडच्या दरम्यान, नेमका जेवणाच्या आणि झोपेच्या वेळी. मूल घास तोंडात धरून बसतं, मग कुशीत शिरतं. ताप चढत असतो तेव्हा हातपाय गार आणि डोकं तापलेलं असतं, म्हणून हात धरणाऱ्याला आधी कळतही नाही. थर्मामीटर लावला की १०२. त्या ताईंच्या भोवती आणखी पाच-सहा मुलं असतात. एक कडेवरून उतरायला तयार नसलं की बाकीच्यांचे डायपर खोळंबतात, कोणाचं तरी जेवण अर्धवट राहतं. आणि सकाळपासून ते मूल त्याच खेळण्यांना, त्याच टेबलाला हात लावत फिरलेलं असतं.

त्याहून वाईट म्हणजे दुसरा डोस. पहिला दिलाय हेच माहीत नसेल तर पाळणाघरातली मंडळी फोनवर परवानगी घेऊन लगेच दुसरा देतात, आणि फोन उचलणाऱ्या बाबांनाही आईने सकाळी दिल्याचं माहीत नसतं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. पण बाटल्या सारख्या नसतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर सव्वासहा मिली, ५ मिलीत २५० चं असेल तर ३ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर दीड मिली. ड्रॉप्सच्या बाटलीतून 'नेहमीसारखं ५ मिली' दिलं तर ५०० मिलिग्रॅम पोटात गेले, तिपटीहून जास्त. यकृतावर बेततं ते असंच. म्हणून सुट्टी मिळत नाही ही अडचण मला मान्य आहे, पण डोस लपवणं अजिबात मान्य नाही. कुठलं औषध, किती मिली, किती वाजता, हे कागदावर लिहून ताईंच्या हातात द्या.

हिरव्या शेंबडाबद्दल माझं भांडण उलट बाजूशी आहे. नाक हिरवं दिसलं की मूल परत पाठवणारी, वर डॉक्टरांची चिठ्ठी मागणारी पाळणाघरं चुकतात. तो रंग संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट आणि हिरवा होतो, त्यात जिवाणूंचा संसर्गच झाला असं काही नाही. सर्दी सगळ्यात जास्त पसरते ती सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत, नाक पाण्यासारखं गळत असताना, आणि थोडीफार त्याच्याही आधी. हिरव्या नाकाला घरी बसवेपर्यंत जे पसरायचं ते पसरलेलं असतं. सर्दी दहा ते चौदा दिवस चालते, लहान मुलांना ती वर्षात सहा-आठ वेळा होते, तेवढी सुट्टी कोणालाच परवडणार नाही. चिठ्ठीच्या धाकाने पालक डॉक्टरांकडे अँटिबायोटिक मागतात, विषाणूवर त्याचा उपयोग शून्य, आणि जुलाब मात्र लागू शकतात. मूल खेळतंय, पाणी पितंय, ताप नाही, तर नाक पुसा आणि पाठवा.

बाकीचं थोडक्यात. उलट्या किंवा जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास घरी. उलट्या-जुलाब करणाऱ्या विषाणूंवर हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाणीच लागतं. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच. हात-पाय-तोंडावर फोड येण्याच्या आजारात ताप नसेल आणि मूल खात-पीत असेल तर फक्त फोडांसाठी डांबून ठेवण्यात अर्थ नाही, विषाणू शीतून कित्येक आठवडे जात राहतो. उवा झाल्या म्हणून दिवसाच्या मध्यातून मूल घरी पाठवणं मला तर क्रूर वाटतं. संध्याकाळी घरी उपचार करा.

यादीत न बसणारं काही असेल तर मूल नेहमीसारखं दिवसभर खेळू शकेल का, आणि ताईंना बाकी मुलं सोडून त्याच्याजवळच बसावं लागेल का, हे बघा. एकाचंही उत्तर नको तसं आलं तर घरी.

एक मात्र राहिलं, आणि वरचं सगळं बाजूला ठेवायला लावेल असं आहे. मूल शांत असताना श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर प्रश्न पाळणाघराचा राहत नाही, दवाखाना गाठा. आठ तास सू न होणं, उठवूनही नीट न जागणं, काचेचा पेला दाबला तरी न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके, यालाही तेच. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर औषध पाजून वाट बघत बसू नका, लगेच निघा.